सामाजिक न्याय आणि गणित-विज्ञान शिक्षकाची घडण : अमेरिकेतील शहरी शाळांविषयीच्या तीन ग्रंथांची चिकित्सा

प्रास्ताविक

अमेरिकेतील शिक्षणविषयक लेखनात 'शहरी शाळा' हा शब्दप्रयोग केवळ भौगोलिक अर्थाने येत नाही. न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइट, बॉस्टन यांसारख्या महानगरांतील ज्या सार्वजनिक शाळांत प्रामुख्याने कृष्णवर्णीय, लॅटिनो व स्थलांतरित अशा गरीब कुटुंबांतील मुले शिकतात, त्या शाळा या शब्दाने सूचित होतात. तेथील शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून उभा राहत असल्यामुळे वस्तीची गरिबी शाळेच्या दारातून आत येते. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदावर आधारलेल्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. परंतु वस्त्याच वेगळ्या राहिल्यामुळे शाळाही बऱ्याच अंशी वेगळ्या राहिल्या. गणित आणि विज्ञान या विषयांत ही दरी अधिक जाणवते. आठवी-नववीत बीजगणित मिळाले की नाही, यावर तेथील विद्यार्थ्याला पुढे विज्ञान-तंत्रज्ञानाची वाट मिळणार की नाही हे पुष्कळसे ठरते.

या परिस्थितीला उत्तर म्हणून 'सामाजिक न्यायासाठी गणित-विज्ञान शिक्षण' हा विचारप्रवाह गेल्या काही दशकांत पुढे आला. त्यातील तीन ग्रंथ विशेष चर्चिले गेले. रॉबर्ट मोझेस आणि चार्ल्स कॉब यांचा 'रॅडिकल इक्वेशन्स' (२००१), अँजेला कॅलाब्रीझ बार्टन व सहकाऱ्यांचा 'टीचिंग सायन्स फॉर सोशल जस्टिस' (२००३) आणि एरिक गटस्टाइन यांचा 'रीडिंग अँड रायटिंग द वर्ल्ड विथ मॅथेमॅटिक्स' (२००६) हे ते ग्रंथ होत. अमेरिकेतील शिक्षक-शिक्षणाच्या अभ्यासक्रमांत ते वाचले जातात. त्यामुळे त्यांच्याकडे केवळ अनुभवकथन म्हणून न पाहता, शिक्षक घडविण्याचे साधन म्हणून ते कितपत पुरे पडतात, असा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. तिन्ही ग्रंथ शिक्षकाला दृष्टी देतात. परंतु त्या दृष्टीने पाहण्यासाठी जी विषयाची सखोल जाण लागते ती सामान्य शिक्षकाकडे कोठून येणार, याविषयी ते पुरेसे बोलत नाहीत. ही उणीव दुय्यम नाही. न्यायाचा प्रश्न वर्गात टिकतो की विरतो, हे तिच्यावरच अवलंबून आहे.

मोझेस : मतदानाच्या हक्कापासून बीजगणिताच्या हक्कापर्यंत

तिन्हींत मोझेस यांचा ग्रंथ सर्वांत आधीचा, आणि कदाचित सर्वांत टिकाऊ. रॉबर्ट मोझेस (१९३५–२०२१) हे मूळचे न्यूयॉर्कमधील गणिताचे शिक्षक. १९६०च्या दशकाच्या आरंभी ते मिसिसिपीत गेले आणि कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या मतदार-नोंदणीच्या चळवळीतील एक प्रमुख कार्यकर्ते झाले. त्या राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेतील एखाद्या कलमाचा अर्थ लिहून दाखवावा लागे आणि तो बरोबर की चूक हे गोरा अधिकारी ठरवी. ज्यांना शाळाच नीट मिळाली नाही, त्यांना साक्षरतेच्या नावाखाली नागरिकत्वाबाहेर ठेवण्याची ती सोय होती. पुढे काही वर्षे टांझानियात अध्यापन करून मोझेस मायदेशी परतले. केंब्रिज या गावी त्यांच्या मुलीच्या शाळेत आठवीला बीजगणित शिकविले जात नव्हते. या साध्या घरगुती अडचणीतून १९८२ साली 'अल्जिब्रा प्रोजेक्ट'चा आरंभ झाला.

मोझेस यांचा युक्तिवाद सरळ आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मताधिकार नसलेला माणूस जसा नागरिकत्वाबाहेर होता, तसा संगणकाच्या युगात गणिती साक्षरता नसलेला माणूस आर्थिक नागरिकत्वाबाहेर राहील. म्हणून बीजगणित हा नागरी हक्क आहे. या युक्तिवादाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. येथे गणित हे अन्यायाविषयी बोलण्याचे निमित्त म्हणून येत नाही. ते न मिळणे हाच अन्याय आहे. त्यामुळे विषय सौम्य करण्याची, गाळण्याची किंवा त्याच्या जागी दुसरे काही शिकविण्याची मुभा शिक्षकाला उरत नाही.

या ग्रंथातील अध्यापनपद्धतीही याच भूमिकेतून आली आहे. बॉस्टनच्या 'रेड लाइन' या भुयारी रेल्वेने मुले प्रवास करतात. मग त्या प्रवासाचे चित्र काढतात, आपल्या बोलीत त्याविषयी बोलतात व लिहितात. त्यानंतर त्या बोलण्यातून महत्त्वाची वैशिष्ट्ये निवडून तेच काटेकोर भाषेत मांडतात, आणि शेवटी चिन्हांची भाषा तयार करतात. कोठून निघालो, कोठे पोचलो, कोणत्या दिशेला व किती स्थानके, या प्रश्नांतून धन व ऋण संख्या उभ्या राहतात. अंकगणितात 'किती' हा एकच प्रश्न असतो. बीजगणितात 'कोणत्या दिशेला' हा दुसरा प्रश्न येऊन मिळतो. ऋण संख्येपाशी मुले का अडखळतात, याचे हे निदान एखाद्या कसलेल्या गणितशिक्षकाचेच असू शकते.

येथेच शंका उद्भवते. हे निदान मोझेस यांनी केले. त्यांनी तत्त्वज्ञानाचे उच्च शिक्षण घेतले होते, शाळेत गणित शिकविले होते, आणि गावोगावच्या सभांत सामान्य माणसांच्या बोलण्यातून प्रश्न उभा करण्याचे संघटकाचे कसब त्यांच्यापाशी होते. प्रकल्पात सामील झालेल्या शिक्षकांचे अनुभव आणि त्यांच्या प्रशिक्षणाचे उल्लेख ग्रंथात येतात. परंतु बोलीतून वैशिष्ट्यांच्या भाषेकडे जाताना कोणते वाक्य उचलायचे आणि कोणते बाजूला ठेवायचे, हे शिक्षक कसे शिकला याचे तपशीलवार चित्रण त्यात मिळत नाही. पाच पायऱ्या पाठ करता येतात. चौथ्या पायरीवर मात्र विषय जाणणारा माणूस लागतो. तरीही या तिन्ही ग्रंथांत शिकविता येण्याजोगी रीत मोझेस यांच्याकडेच आहे, हे मान्य केले पाहिजे.

गटस्टाइन : आकड्यांतून वाचलेले जग

गटस्टाइन यांचा ग्रंथ ब्राझिलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांच्या विचारावर उभा आहे. अक्षर वाचणे आणि जग वाचणे या क्रिया वेगळ्या नाहीत, हा फ्रेरे यांचा विचार गटस्टाइन गणिताला लावतात. शिकागोतील मेक्सिकन स्थलांतरितांच्या वस्तीतील एका शाळेत विद्यापीठातील आपले काम सांभाळून त्यांनी एक वर्ग शिकविला. जगातील संपत्तीची वाटणी, रस्त्यावर पोलिसांकडून थांबविल्या जाणाऱ्या वाहनचालकांचे वर्णनिहाय प्रमाण, गृहकर्ज नाकारले जाण्यातील तफावत, एका बॉम्बफेकी विमानाच्या किमतीत किती मुलांचे महाविद्यालयीन शिक्षण होईल, असे प्रश्न त्यांनी मुलांपुढे ठेवले. नेहमीचे पाठ्यपुस्तक बाजूला ठेवले नाही. त्याच्या जोडीला हे प्रकल्प दिले. पुढील लेखनात त्यांनी समाजाचे ज्ञान, चिकित्सक ज्ञान आणि शास्त्रशुद्ध विषयज्ञान असे तीन प्रकार कल्पून तिघांची सांगड घालण्याचा आग्रह धरला. तेव्हा विषयज्ञानाकडे त्यांनी दुर्लक्ष केले, असा आरोप करणे अन्यायाचे होईल.

तथापि गृहकर्जाच्या प्रश्नाचा थोडा विचार केला म्हणजे अडचण कळते. दोन समूहांतील अर्ज नाकारले जाण्याचे प्रमाण काढणे हे सहावी-सातवीचे गणित आहे. त्या गुणोत्तरातून वर्णभेद सिद्ध होतो का, हा प्रश्न मात्र संख्याशास्त्रातील कठीण प्रश्नांपैकी एक आहे. उत्पन्न सारखे ठेवून तुलना केली तर काय दिसते? पूर्वीचे कर्ज, नोकरीचा काळ, घराचा परिसर यांचा प्रभाव वेगळा कसा काढायचा? शिवाय, उत्पन्न कमी असणे हेच जर जुन्या भेदभावाचे फळ असेल, तर उत्पन्न 'सारखे ठेवणे' न्याय्य आहे का? शेवटचा प्रश्न संख्याशास्त्राचा आहे आणि समाजशास्त्राचाही आहे. ज्याला त्यातील पहिला भाग कळतो तोच दुसरा भाग वर्गात उघडू शकेल. ज्याला तो कळत नाही त्या शिक्षकापुढे दोनच वाटा राहतात : निष्कर्ष आधीच ठरवून गणित त्याच्या साक्षीला उभे करणे, किंवा मुलांनी शंका काढताच प्रकल्प आवरता घेणे. पहिल्या वाटेने जाणाऱ्या वर्गात मुले न्यायाविषयी बोलतात खरी, पण गणिताकडून काही नवे कळले अशी जाणीव त्यांना होत नाही. उत्तर शिक्षकाच्या चेहऱ्यावर वाचता येते. मुले ते फार लवकर वाचतात.

गटस्टाइन हे टाळू शकले, कारण ते गणितशिक्षणाचे संशोधक होते आणि त्यांच्यावर दिवसाला पाच-सहा वर्गांचा भार नव्हता. हा त्यांचा दोष नाही. पण ग्रंथ वाचणाऱ्या भावी शिक्षकाला जे कृत्य अनुकरणीय म्हणून दाखविले जाते, त्याच्या मागील अट झाकली जाते.

याच शहरातील पुढचा इतिहास जाता जाता नोंदविण्याजोगा आहे. शिकागोच्या लिटल व्हिलेज या वस्तीत कबूल केलेली शाळा बांधली जात नाही म्हणून मे २००१ मध्ये मातांनी व रहिवाशांनी १९ दिवस उपोषण केले. २००५ साली तेथे शाळा उघडली आणि त्या इमारतीतील चार लहान शाळांपैकी एकीचे नावच सामाजिक न्यायाशी जोडले गेले. गटस्टाइन यांचे नंतरचे काम याच शाळेशी निगडित होते. उपोषणाने इमारत मिळू शकते. गणिताचा शिक्षक मिळविण्यासाठी कोणते उपोषण करावे लागेल, हा प्रश्न मात्र उरतो.

बार्टन : शाळेबाहेरचे विज्ञान

कॅलाब्रीझ बार्टन यांचा ग्रंथ विज्ञानाविषयी असून त्यातील मुले बेघर कुटुंबांसाठीच्या आश्रयगृहांत राहणारी आहेत. शाळेनंतरच्या वेळात ही मुले विज्ञान 'करतात'. आश्रयगृहाजवळील एका ओसाड जागेचे रूपांतर करण्याचा उपक्रम त्यात विस्ताराने आला आहे. मुलांच्या प्रश्नांविषयी लेखिकांना वाटणारा आदर पानोपानी जाणवतो. परंतु हे सर्व शाळेबाहेर घडते. तेथे परीक्षा नाही, घंटा नाही, एका वर्गात तीस-पस्तीस मुले नाहीत, पुढच्या इयत्तेचा अभ्यासक्रम वाट पाहत नाही. शाळेतील विज्ञानाची चिकित्सा म्हणून ग्रंथ प्रभावी आहे. शाळेतील विज्ञानशिक्षकासाठी मात्र त्यात फारसे हाती लागत नाही.

एक पाण्याचा नमुना

विषयज्ञान आणि न्यायदृष्टी एकमेकांपासून का तोडता येत नाहीत, हे पाहण्यासाठी या ग्रंथांनंतर घडलेले एक उदाहरण उपयुक्त आहे. मिशिगन राज्यातील फ्लिंट हे बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीचे, मोटार-उद्योग ओसरल्याने गरीब झालेले शहर. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचविण्यासाठी शहराचे पाणी डेट्रॉइटच्या व्यवस्थेऐवजी फ्लिंट नदीतून घेतले जाऊ लागले. या पाण्यात क्षरणरोधक मिसळले गेले नाही. परिणामी जुन्या नळांच्या आतील संरक्षक थर निघू लागला आणि शिसे पाण्यात उतरले. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते.

त्या वेळच्या संघराज्य नियमाप्रमाणे तपासलेल्या घरांच्या नमुन्यांत ९०व्या पर्सेंटाइलला शिशाचे प्रमाण दर अब्ज भागांत १५ भागांहून अधिक भरले, तर कारवाई बंधनकारक होती. २०१५च्या पहिल्या सहामाहीत ७१ नमुने गोळा झाले. त्यांतील ८ नमुने १५ या मर्यादेच्या वर होते. राज्याच्या अधिकाऱ्यांनी २ नमुने निकषांत बसत नाहीत म्हणून वगळले. दोन्ही मर्यादेच्या वरचे होते. उरले ६९, आणि त्यांत मर्यादेच्या वरचे ६. आता ७१चा दशांश ७.१ होतो आणि ८ हे त्याहून अधिक आहेत. म्हणजे ९०वे पर्सेंटाइल मर्यादेबाहेर जाते. ६९चा दशांश ६.९ होतो आणि ६ हे त्याहून कमी आहेत; म्हणजे शहराचे पाणी कागदावर नियमात बसते. दोन बाटल्यांनी एका शहराचे पाणी पिण्याजोगे ठरविले.

हा भागाकार सातवीतील मुलाला येतो. महाराष्ट्रातील पालकही सीईटीच्या निकालामुळे पर्सेंटाइल हा शब्द आता सहज वापरतात. परंतु वर्गात हे उदाहरण घेतले की प्रश्न येऊ लागतात. सरासरी का घेतली नाही? सरासरी घेतली असती तर एका अतिशय दूषित घराने ती कितीशी बदलली असती? निकषात न बसणारा नमुना वगळणे ही तर विज्ञानातील नेहमीची, प्रामाणिक रीत आहे; मग येथे काय चुकले? वगळलेल्या नमुन्यांपैकी एका घरातील प्रमाण १०४ होते आणि तेथे गाळणी बसविलेली आहे हे वगळण्याचे कारण होते. गाळणीचे काम तर पाण्यातील शिसे कमी करण्याचे. गाळणी असलेल्या घरात इतके शिसे आढळावे, हे नमुना टाकून देण्याचे कारण की अधिक तपासाचे? आणि मुळात शिशाचे नळ असलेली, धोक्याची घरेच तपासावीत असा नियम असता, तपासलेली ७१ घरे तशी होती का?

यातील प्रत्येक प्रश्न गणिताचा किंवा विज्ञानाचा आहे. ज्या शिक्षकाला न्यायाची चाड आहे पण पर्सेंटाइलचे सूत्रच तेवढे ठाऊक आहे, तो ही कथा दुष्ट अधिकाऱ्यांची कथा म्हणून सांगेल. मुले संतापतील. पण पुढच्या वेळी त्यांच्यासमोर दुसरा अहवाल आला तर तो कसा वाचायचा हे त्यांना कळणार नाही. उलट ज्याला विषय येतो पण शाळेबाहेरच्या नळाशी आपला संबंध वाटत नाही, तो शिक्षक याच आकड्यांचे एक स्वाध्यायातील उदाहरण करील आणि फलकावर उत्तराखाली दोन रेघा ओढून मोकळा होईल. २०१५ साली बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटीशा यांनी पाणी बदलण्यापूर्वीच्या व नंतरच्या मुलांच्या रक्ततपासण्यांची तुलना करून शिशाचे प्रमाण वाढल्याचे दाखविले. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मार्क एडवर्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरिकांच्या मदतीने घरोघरचे पाणी तपासले. त्यांच्या शब्दाला वजन आले ते त्यांच्याकडे कळकळ होती एवढ्यामुळे नव्हे. त्यांचा हिशेब तपासणीत टिकला.

वृत्ती की विषय : धोरणांची दोन टोके

अमेरिकेतील शिक्षक-शिक्षणाच्या व्यवस्थेने या दोन अंगांची फारकत केली, असे दिसते. एकीकडे 'वृत्ती' घडविण्याचा आग्रह धरला गेला. शिक्षक-शिक्षण संस्थांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या परिभाषेत भावी शिक्षकाच्या वृत्तींची उदाहरणे देताना सामाजिक न्यायाचा उल्लेख होता. हा शब्द राजकीय कसोटीसारखा वापरला जातो अशी टीका झाली आणि २००६ साली मंडळाने तो काढून टाकला. या वादात दोन्ही पक्षांनी न्याय ही मनाची अवस्था आहे, असेच गृहीत धरले होते. ती तपासावी की न तपासावी, एवढाच मतभेद. गणिताच्या शिक्षकाला न्यायासाठी अधिक गणित लागेल, हे फारसे कोणी म्हटले नाही.

दुसरीकडे, विषयात प्रवीण पदवीधरांना गरजू शाळांत पाठविण्याच्या योजना आल्या. २००२ साली कायद्याने अस्तित्वात आलेल्या 'नॉइस' शिष्यवृत्तीत प्रत्येक वर्षाच्या मदतीमागे दोन वर्षे गरजू शाळेत शिकविण्याची अट घातली गेली. २००४ साली गणितज्ञ व वित्तव्यावसायिक जेम्स सायमन्स यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये 'मॅथ फॉर अमेरिका' ही संस्था निघाली. या योजनांनी विषयज्ञानाला मान दिला, हे त्यांचे श्रेय होय. परंतु येथे न्याय म्हणजे वाटप. चांगला शिक्षक जेथे नाही तेथे तो नेऊन ठेवला, की न्याय झाला! तो त्या वस्तीतील मुलांच्या प्रश्नांना विषयाचे प्रश्न मानतो की नाही, याचा विचार अटींच्या कागदात बसत नाही.

लिपिंग मा यांचा १९९९चा अभ्यास या संदर्भात पुन्हा वाचावा असा आहे. २३ अमेरिकी व ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांच्या त्यांनी मुलाखती घेतल्या. पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांना अचूक सोडविता आले. चिनी शिक्षकांना ते सर्वांना आले. या भागाकाराला शोभेल अशी व्यवहारातील गोष्ट रचा, असे म्हटल्यावर तर अमेरिकी शिक्षक जवळजवळ सर्वच अडले. व्यवहारातील गोष्ट रचता न येणे म्हणजे मुलाच्या जगाकडे जाण्याचा रस्ताच नसणे होय. शहरी शाळांच्या संदर्भात हे अधिक गंभीर आहे, कारण ज्या मुलांना शाळेत उथळ गणित मिळाले त्यांतीलच काही जण पुढे शिक्षक होऊन त्याच शाळांत परततात. हे चक्र न्यायदृष्टीवरील एका पेपरने तुटत नाही.

महाराष्ट्राशी येणारा संबंध

अमेरिकेतील ही फारकत महाराष्ट्रातील अध्यापक महाविद्यालयांना अपरिचित नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनंतर द्विवर्षीय झालेल्या बी.एड. अभ्यासक्रमात लिंगभाव, शाळा व समाज आणि समकालीन भारत व शिक्षण हे विषय एका बाजूला आणि शालेय विषयांचे अध्यापनशास्त्र दुसऱ्या बाजूला, अशी रचना आली. पहिल्या पेपरात जात, वर्ग व लिंगभाव येतात. दुसऱ्यात अपूर्णांक, उद्दिष्टे आणि पाठ टाचण. दोन्ही पेपर एकाच विद्यार्थ्याने द्यावयाचे असतात, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. शिक्षक पात्रता परीक्षेने तर ही विभागणी गुणांत पक्की केली आहे. सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठीच्या १५० गुणांच्या पेपरात ६० गुणांसाठी एक तर गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे निवडावी लागतात. परीक्षेच्या सोयीसाठी केलेल्या या निवडीचा अर्थ नकळत असा लावला जातो, की गणित-विज्ञानाच्या शिक्षकाने समाज दुसऱ्या शिक्षकावर सोपविला आहे.

मोझेस यांच्या पायऱ्यांना येथे फार समृद्ध सामग्री मिळू शकते. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अरिंदम बोस व के. सुब्रमण्यम यांनी मुंबईत धारावीतील मुलांच्या शाळेबाहेरील गणिताचा अभ्यास केला. घरगुती उद्योगांत व कारखान्यांत हातभार लावणाऱ्या या मुलांना मापे, नग, पैसे आणि निम्म्याचे निम्मे करीत जाण्याचे व्यवहारगणित परिचयाचे असते; शाळेच्या गणितात मात्र त्या जाणिवेला जागा मिळत नाही. मराठीत तर पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे स्वतंत्र शब्द आहेत. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचे पाढे घोकून घेतले जात. मा यांच्या शिक्षकांना ज्या भागाकाराची गोष्ट सुचली नाही, तो भाजीच्या गाड्यावर बसणाऱ्या मुलाला पावणेदोन किलोची अर्ध्या-अर्ध्या किलोची किती गिऱ्हाइके होतील, असा विचारता येतो. उत्तर साडेतीन येते, आणि ते अर्धे गिऱ्हाईक म्हणजे काय यावर वर्गात खरी चर्चा होऊ शकते. उरते ते पाव किलो. मग उत्तरात पाव न येता अर्धा का येतो? हा प्रश्न शिक्षकाला आधी स्वतःला पडलेला असावा लागतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' अशी संख्यावाचनाची पर्यायी रीत आली, तेव्हा राज्यभर थट्टा आणि संताप झाला. भाषेच्या सौंदर्याविषयी पुष्कळ बोलले गेले. 'एक्काहत्तर' ऐकून १७ लिहिणाऱ्या मुलाविषयी त्या मानाने कमी. घरी पाढे म्हणून घेणारे कोणी नसलेल्या मुलाची अडचण आणि सुशिक्षित घरातील माणसाचे भाषाप्रेम यांत तो न्यायाचा प्रश्न होता. पण तो तसा ओळखण्यासाठी स्थानमूल्य मुलाच्या मनात कसे घडते, याची जाण आवश्यक होती.

शिक्षक कोण असावा, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत, याकडे लक्ष वेधून शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील, नांगर वा सुताराचे हत्यार हाती धरू शकणारे असावेत, अशी मागणी केली. त्याच निवेदनातील अभ्यासक्रमात हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्य यांना स्थान होते. म्हणजे शिक्षकाची सामाजिक जागा आणि त्याने शिकवावयाचा विषय हे दोन्ही प्रश्न फुले यांनी एकत्र मांडले. अमेरिकेतील तीन ग्रंथांपैकी दोहोंत शिक्षक हा बाहेरून आलेला, सहानुभूती असलेला विद्यापीठीय अभ्यासक आहे. मोझेस यांच्याकडे मात्र १९९६ साली अल्जिब्रा प्रोजेक्टमधून 'यंग पीपल्स प्रोजेक्ट' उभा राहिला. प्रकल्पात शिकलेल्या, तेव्हा शाळा-महाविद्यालयांत असणाऱ्या कृष्णवर्णीय मुला-मुलींनीच तो उभारला आणि त्यांनी आपल्याहून लहान मुलांना गणित शिकवावयास आरंभ केला. ही मुले प्रशिक्षित शिक्षक नव्हती. परंतु ऋण संख्येपाशी आपण कोठे अडलो होतो, हे त्यांना आठवत होते, आणि समोरच्या मुलाची बोली त्यांचीच बोली होती.